घरची ओळ

सकाळचे सात वाजायला आलेत आणि मामीचा हात वांग्याच्या झाडात कोपरापर्यंत गेलाय. सरळगावहून किन्हवलीकडे जाणारा रस्ता इथून हाकेच्या अंतरावर आहे. मुरबाड तालुका संपून शहापूर सुरू होतो तो याच बाजूला. धुकं एवढं की रस्त्यावरून एसटी गेली तर तिचे दिवे तेवढे दिसतात. पौषातली थंडी आहे. म्हशाची जत्रा अजून पुरती उठलेली नाही, आणि मामीने डोक्यावरून घेतलेली घोंगडी त्याच जत्रेतली आहे, मागच्या साली आणलेली.

पायाखालचं खाचर माझ्या ओळखीचं आहे. जुलैत इथे गुडघाभर चिखल होता आणि मी आवणाच्या मुठी पुढे सारत होते. दिवाळीच्या सुमाराला भात कापलं, झोडलं, आणि जमिनीत ओल होती तोवर मामाने सऱ्या पाडून रोपं लावली. बांधापलीकडच्या खाचरात वाल आहेत. वालाला कोणी पाणी देत नाही, तो ओलीवर आणि दवावर वाढतो. वांग्याला मात्र ओढ्यावरच्या मोटारीचं पाणी लागतं, आणि वीज रात्रीची असली तर मामाला रात्री उठावं लागतं.

"देठ धर, फळ नको धरू," मामी सांगते. "फळ दाबलंस तर उद्या काळं पडंल."

मी देठ धरते आणि काटा अंगठ्यात शिरतो. मामीने दोन्ही अंगठ्यांना जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली आहे, ती का हे आता कळतं. ती डाव्या हाताने देठ किंचित वर उचलते, उजव्या हातातल्या कोयतीने एक झटका देते, आणि वांगं देठासकट पाटीत येतं. देठ ठेवायचा, कारण देठ हिरवा आणि ताठ असला तरच गिऱ्हाईक वांगं ताजं मानतं. मी कातडीकडे बघते आहे. दवाने ओली, ताणलेली, आणि तिच्यात मामीच्या बोटाची सावली दिसावी इतकी चकाकणारी. नखाने हलकं दाबलं की खळगा पडतो आणि लगेच भरून येतो. खळगा भरला नाही तर वांगं जून, आत बिया तयार झालेल्या.

आजचा हा तिसरा तोडा. बांधावर गोणपाट अंथरलंय आणि त्यावर तीन ढीग होतायत. एकसारखी, निबर नसलेली वांगी क्रेटमध्ये. ती टेम्पोने कल्याणच्या बाजार समितीत जातील. लहानमोठी, वाकडी वांगी पाटीत. ती मामी आज बाजारात वाट्यावर विकेल. भोक पडलेली तिसऱ्या ढिगात, ती गुरांना.

"आणि घरी काय खायचं?"

मामी हाताने कुंपणाकडे दाखवते. तिथे एकच ओळ वेगळी आहे. झाडं बुटकी, पानं काटेरी, फळं जांभळी, पांढऱ्या रेघांची. "ती घरची वळ. तिच्यावर फवारा नाय मारीत."

ही ओळ बघायलाच मी आले आहे, असं म्हटलं तरी चालेल. बाकीचं शेत संकरित बियाण्याचं आहे, त्यावर औषध मारावं लागतं. मारलं की बाटलीवर लिहिलेले दिवस भरल्याशिवाय तोडा नाही, हा मामीचा नियम. आसपासच्या सगळ्यांचा तो नाही, आणि भाव चढलेला असताना तो पाळणं किती अवघड असतं ते मी या घरात पाहिलं आहे. घरच्या ओळीचं बी आजीने लग्नानंतर माहेराहून आणलेलं. आजीचं माहेर डोळखांबकडचं, शहापूर तालुक्यातलं. म्हणजे हे वांगं शहापूरचं आणि नांदतंय मुरबाडात, आजीसारखंच. ओळीच्या टोकाच्या झाडावर एका फळाला लाल चिंधी बांधली आहे.

"त्याला हात लावू नको. ते बियाचं."

पुढच्या सरीत मामी थांबते. एका झाडाचा शेंडा मान टाकून लोंबतोय. ती तो चिमटीने खुडते, नखाने उभा चिरते आणि तळहात माझ्यापुढे धरते. आत फिकट गुलाबी अळी, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, आडोसा गेल्यामुळे वळवळणारी. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी ती हीच. पहिल्यांदा शेंड्यात शिरते, फळं धरली की फळात. एकदा आत गेली की वरून मारलेलं औषध तिला शिवत नाही. म्हणून माणूस पुन्हा मारतो, आणखी मारतो. याच अळीवर उपाय म्हणून जालन्याच्या महिको कंपनीने जनुकीय बदल केलेलं बीटी वांगं तयार केलं होतं. ९ फेब्रुवारी २०१० रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याच्या लागवडीला स्थगिती दिली. शेजारच्या बांगलादेशाने मात्र २०१३ मध्ये त्याच्या लागवडीला परवानगी दिली. मामीच्या शेतात यातलं काही पोचलेलं नाही. तिच्याकडे खुडलेले शेंडे भरायची प्लास्टिकची पिशवी आहे, चार काठ्यांवर टांगलेले कामगंध सापळे आहेत ज्यांत नर पतंग येऊन अडकतात, आणि निंबोळी भिजत घातलेली बादली आहे. खुडलेला शेंडा ती बांधावर टाकत नाही. "बांधावर टाकलास तर उद्या परत चालत येतं ते."

नऊच्या सुमाराला टेम्पो येतो. क्रेट चढतात. टेम्पोवाला कालचा भाव सांगतो, मामी काही बोलत नाही, फक्त पाटीवरचं फडकं नीट करते.

बाजारात मी तासभरच थांबते. मामीने वीस-वीस रुपयांचे वाटे मांडलेत, दर वाट्यावर एक कढीपत्त्याची डहाळी. शेजारी सुक्या मासळीची ओळ: बोंबील, सोडे, वाकट्या, आणि गुलाबी धुळीसारखा जवळा. समुद्र इथून चांगलाच लांब, पण या दोन तालुक्यांतल्या वांग्याला समुद्राशिवाय चव येत नाही. दुपारी वीटभट्टीवरचं एक कातकरी जोडपं येतं. आज खर्ची मिळाली आहे. बाई चार वाटे वांगी घेते, मग मापभर जवळा, मग मूठभर मिरच्या. वांगी निवडताना ती प्रत्येक फळ तळहातावर तोलते. आकाराने मोठं पण हाताला हलकं लागेल ते उचलते, जड ते परत ठेवते. हलक्यात बिया कमी. तिच्या कडेवरच्या पोराने एका वांग्याचा देठ धरून ठेवलाय आणि तो सोडायला तयार नाही. मामी ते वांगं मोजत नाही.

भट्टीवरच्या त्या खोपटातल्या चुलीवर आज वांगं-जवळा शिजेल. दिवसभर माती तुडवणाऱ्या माणसाच्या ताटात नुसतं वांगं पुरत नाही, कारण वांग्यात जोर देणारं फारसं काही नाही. शंभर ग्रॅम कच्च्या वांग्यात ब्याण्णव ग्रॅमच्या आसपास पाणीच असतं, सुमारे २५ कॅलरी, प्रथिनं ग्रॅमभर. पण त्यात मूठभर जवळा पडला की प्रथिनं येतात, चुना म्हणजे कॅल्शियम येतं, आणि पाव किलो वांग्यात चार माणसांची भाकरी ओली होते. ही जोडी कोणी आहारतज्ज्ञाने बसवलेली नाही.

घरी येतो तेव्हा ओटीवर मामा बसलाय आणि त्याच्या शेजारी काचेची बाटली आहे. बाटलीत पाणी, पाण्यात वांग्याच्या चकत्या, आणि पाणी चहासारखं तांबूस झालेलं.

"हे काय?"

"साखरेवर हाय. मोबाइलवर आलाय. रातभर भिजवायचं, उठल्या उठल्या प्यायचं."

दोन वर्षांपूर्वी मामाला साखर निघाली. गोळी चालू आहे. निदान मला वाटत होतं की चालू आहे. विचारल्यावर कळतं की आठ दिवस पाणी चालू आहे आणि गोळी बंद.

मी त्याच्या शेजारी बसते. मला याचा राग येत नाही, भीती वाटते. मामा भोळा माणूस नाही. दहावीपर्यंत शिकलेला, हिशेबाला पक्का. पण गोळी जन्मभर घ्यायची हे कोणी नीट समजावलेलं नाही, आणि वांगं तर घरचं. घरच्या वस्तूवर माणूस पटकन विश्वास ठेवतो. मी त्याला सांगते की हे पाणी फक्त आपल्याकडे फिरत नाहीये. ब्राझीलमध्ये कोलेस्टेरॉल उतरवायला लोक कितीतरी वर्षं वांग्याचं पाणी पितात. तिथल्याच संशोधकांनी २००० साली माणसांवर ते तपासून पाहिलं, तेव्हा परिणाम निघाला तो किरकोळ आणि थोड्या दिवसांपुरता. साखरेसाठी गोळी सोडून या पाण्यावर राहावं असा भरवसा कोणी देऊ शकत नाही.

मामा बाटलीकडे बघत राहतो. "मंग वांगा खावाचा का नाय?"

"खायचा. पोटभर खायचा. भाकरी एक कमी कर, भाताचा ढीग निम्मा कर आणि त्या जागी वांगं घे. साखर जपायला ते कामाचं आहे. शंभर ग्रॅमला तीन ग्रॅम तंतू, पिष्ट थोडं, आणि पोट भरल्यासारखं वाटतं. पाणी पिऊन चकत्या टाकून देतोस म्हणजे त्यातलं खरं कामाचं तेच टाकतोस. आणि गोळी आज रात्रीपासून."

तो मान डोलावत नाही आणि नाहीही म्हणत नाही. उठतो, आत जातो, आणि पत्र्याच्या पेटीतून गोळ्यांची पाकिटं काढून देवळीत समोर ठेवतो.

मागच्या अंगणात मामी विळीवर बसलीय. आजचा स्वयंपाक दोन टोपांचा आहे. आजीच्या गळ्यात माळ आहे, तिला सुकट चालत नाही, तिच्यासाठी वाल-वांगं. परवा रात्री भिजवलेले कडवे वाल फडक्यात बांधून मोड काढलेत, आता आजी कोमट पाण्यात एकेक दाणा दाबून सोलते आहे. दाणा सालातून निसटतो तेव्हा पाण्यात बारीक टप् होतं. मामी रेघांच्या वांग्याच्या फोडी करून मिठाच्या पाण्यात टाकते. मुद्दाम एक फोड ती बाहेर ठेवते, मला दाखवायला. पाच मिनिटांत पांढरा गर कडेने तपकिरी व्हायला लागतो.

"बघ, लोखंड हाय त्याच्यात," आजी म्हणते. "म्हणून काळा पडतो. बाळंतिणीला रगत येतं."

आजीचं बोलणं मी सहसा खोडत नाही, पण हे खोडते, कारण या पाड्यांवर पंडुरोगाने फिकट पडलेल्या पोरी मी पाहिल्या आहेत, आणि वांग्यावर विसंबून कोणी राहू नये. वांग्यात लोह नावापुरतं आहे, शंभर ग्रॅमला अर्धा मिलिग्रॅमही नाही. रंग बदलतो तो गरातल्या क्लोरोजेनिक आम्लामुळे. कॉफीच्या बियांत असतं तेच हे. चिरल्यावर त्याला हवा लागते, वांग्यातलंच एक विकर कामाला लागतं आणि गर तपकिरी होतो. हे आम्ल शरीरातल्या पेशींची झीज रोखणाऱ्या द्रव्यांपैकी एक मानतात, म्हणून चिरलेलं वांगं तासन्‌तास पाण्यात बुडवून ठेवणं बरं नाही. फोडणी तयार झाली की चिरावं. जांभळ्या सालीत आणखी एक द्रव्य आहे, नासुनीन. वांग्याचा रंग तो. साल काढून वांगं शिजवणाऱ्यांच्या हातून ते जातं.

"आमी कवा साल काढलीय?" मामी म्हणते. खरं आहे. रस्स्यात, कापांत, भरल्या वांग्यात साल तशीच असते. फक्त भरताची निघते.

वाल-वांग्याला फोडणी पडते: थोडं तेल, मोहरी, हिंग, चिमूटभर ओवा हातावर चोळून. ओवा वालासाठी, वाल पोटात वारा धरतो. मग हळद, सोललेले वाल, वर वांग्याच्या फोडी, घरचं तिखट, झाकणावर पाणी. शेवटी गुळाचा खडा. आजी सांगते की आषाढी एकादशी ते चंपाषष्ठी तिच्या ताटात वांगं नसतं. आषाढात कांदेनवमीला पोटभर खायचं आणि थांबायचं. मार्गशीर्षात खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की पुन्हा सुरू. मला हा नेम शहाणपणाचा वाटतो. पावसाळ्यातलं वांगं किडतं फार, आणि त्या दिवसांत या डोंगराकडच्या गावांत रानभाज्या इतक्या उगवतात की वांग्याला चार-पाच महिने सुट्टी दिली तर ताट रिकामं राहत नाही.

मामीच्या सुनेला वांगं बाधतं. खाल्लं की जिभेला आणि टाळूला खाज सुटते. तिच्यासाठी बाजूला नुसते वाल काढून ठेवलेत. कोणी तिला आग्रह करत नाही.

अंधार पडतो. घरात गॅस आहे, पण भरीत अंगणातल्या चुलीवरच होतं, धूर वर मोकळा जातो. लाकडं जळून निखारे झालेत. मामी तीन मोठी वांगी घेते, प्रत्येकाला सुरीने दोन चिरा देते आणि चीर फाकवून कंदिलासमोर धरते. आत अळीची वाट नाही ना, हे बघायला. चिरेत लसणाची एकेक पाकळी खुपसते. तेल लावत नाही. वांगी निखाऱ्यांवर आडवी ठेवते आणि पाटावर बसते.

पहिली पाच मिनिटं काही होत नाही. मग साल सुरकुतायला लागते, एका जागी फुगा येतो आणि फुटतो, आणि आतून पाण्याची बारीक धार निखाऱ्यावर पडून चर्र होते. वास येतो, आधी जळक्या सालीचा, मागून लसणाचा, आणि मग एक गोडसर वास जो फक्त वांग्याचाच असतो. मामी देठ धरून वांगं पाव वळण फिरवते. पुन्हा थांबते. घाई केली तर बाहेर कोळसा आणि आत कच्चं, खालच्या बाजूला दातांत कुरकुरणारं. शिजलं की नाही ते ती देठाजवळ दाबून बघते. तो भाग सगळ्यात शेवटी शिजतो.

सोळाव्या शतकात भावमिश्रांनी भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात वांग्याचे गुण लिहिताना फळाचं वय आणि शिजवण्याची रीत दोन्ही लक्षात घेतली आहेत. कोवळं वांगं कफ-पित्त शमवणारं, जून झालेलं पित्त वाढवणारं. निखाऱ्यावर भाजलेलं अतिशय हलकं आणि भूक वाढवणारं. त्याच भाजलेल्या वांग्याला तेल-मीठ घातलं की जड. आजच्या भाषेत सांगायचं तर वांग्याचा गर स्पंजासारखा आहे, बारीक हवेच्या पोकळ्यांनी भरलेला. कच्ची फोड गरम तेलात टाकली की त्या पोकळ्यांत तेल शिरतं; पंचवीस कॅलरीच्या भाजीचा मग दुसराच पदार्थ होतो. निखाऱ्याच्या आचेने त्या पोकळ्या आधीच मिटतात. म्हणून मामाच्या काचऱ्यासुद्धा मामी आता वेगळ्या करते: चकत्यांना मीठ-हळद-तिखट चोळून दहा मिनिटं ठेवायचं, पाणी सुटलं की पिळून तव्यावर झाकण घालून वाफेवर नरम करायच्या, आणि मगच कडेने चमचाभर तेल. हे तिला कोणी शिकवलेलं नाही. तेलाचा डबा महिनाभर पुरवायचा असतो, तिथून ती इथे पोचली.

तिन्ही वांगी टोपाखाली झाकलीत. आतल्या वाफेने साल सुटते. तोवर तव्यावर जवळा. तो तिने आधी चाळून, फडक्यात चोळून मिशा काढल्यात, दोन पाण्यांत धुतलाय. खारवलेल्या मासळीचं मीठ आजकाल ती मोजून धरते, मामाच्या रक्तदाबामुळे. कोरडा, कुरकुरीत भाजून तो खाली उतरतो. निखाऱ्यात पुरलेल्या चार हिरव्या मिरच्या बाहेर येतात.

मग टोप उचलला जातो. काळी साल बोटांनी निघते, मोठ्या पापुद्र्यांत, आणि आत गर धुरकट हिरवा, चकाकणारा. मामी तो ताटात घेऊन मुठीने कुस्करते. रवी लावत नाही, गर गुळगुळीत झालेला तिला आवडत नाही. बारीक चिरलेला कच्चा कांदा, चुरडलेल्या मिरच्या, कोथिंबीर, मीठ, जवळा. खानदेशात यात कांद्याची पात आणि शेंगदाणे पडतात, वर तेलाची फोडणी. भूमध्य समुद्राकाठी तिळाचं वाटण. इथे तेलाचा थेंब नाही. आजीसाठी थोडा गर जवळा पडायच्या आधीच वाटीत काढून ठेवलाय.

अंगणात ताटं मांडतात. तांदळाची भाकरी, भरीत, वाल-वांगं, चार काचऱ्या. मी पहिला घास घेते. धूर आधी नाकात जातो, मग मिरची, मग गराचा गोडवा, आणि मध्येच जवळ्याचा एक कण दाताखाली फुटतो. कोणीच बोलत नाही. मामा दुसऱ्या भाकरीकडे हात नेतो, अर्धी मोडतो, अर्धी परत टोपलीत ठेवतो आणि भरताचं ताट आपल्याकडे ओढतो. जेवण झाल्यावर देवळीतली गोळी घेतो. पाणी हंड्यातलं.

बाटलीतलं पाणी सुनेने दारातल्या मिरचीच्या रोपाला घातलंय.

रात्री मामी कोनाड्यातून एक वांगं आणते. पिवळं, सुकत आलेलं, गेल्या हंगामातलं, देठाला अजून लाल चिंधी. ती ते परातीत फोडते, पाण्यात चोळते. गर वर तरंगतो, बिया खाली बसतात. आजी जवळ सरकते आणि तरंगणाऱ्या हलक्या बिया बोटाने बाजूला करते. त्या उगवत नाहीत. मामी चुलीतली राख चाळून आणते, अजून कोमट. ओल्या बिया राखेत घोळतात, करड्या होतात, एकमेकींपासून सुट्ट्या होतात.

"तुला देऊ का चिमूटभर?" आजी विचारते. "गच्चीत कुंडी हाय ना तुझी?"

मी ओंजळ पुढे करते.